पहिला उद्गार

फेब्रुवारी संपत आला की सीवूड्सच्या खाडीकडून येणारा वारा बदलतो. ओहोटीला चिखल उघडा पडतो, त्यावर फ्लेमिंगोंची फिकट गुलाबी पट्टी दिसते आणि दुपारपर्यंत चिखलाचा खारट वास सहाव्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात पोहोचतो. खिडक्या लावाव्यात तर उकडतं, उघडाव्यात तर वास. सोसायटीत परीक्षांचं वातावरण असतं. लिफ्टमध्ये मुलं ओठ हलवत उभी असतात. त्याच दिवसांत आमच्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, ग्रुपवर उपवासकाळाचं वेळापत्रक येतं.

परवा ते आलं. ईस्टरच्या आधीच्या सहाएक आठवड्यांत संध्याकाळच्या प्रार्थना सभा कोणत्या दिवशी कोणाच्या घरी होणार, हे त्यात असतं. खाली पाळकांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, नेहमीच्या सूचना: सभा वेळेवर सुरू होईल, चपला जिन्यात पसरू नयेत, चहाबरोबर एकच पदार्थ ठेवावा. पहिल्या दोन सूचना कधी कधी पाळल्या जातात. तिसरी कधीच नाही.

त्यात एका संध्याकाळपुढे नाव आहे: शांतवनकाका, नेरूळ. आमच्या घरात हे नाव मोठ्यानं घेतलं जात नसे, अशी काही वर्षं होती. त्या वर्षांतला एक उपवासकाळ या दिवसांत हटकून आठवतो. त्या वेळी खाडीचा वास असाच होता आणि घरात कोणी कोणाशी धड बोलत नव्हतं.

मंडळी लहान आहे. श्रीरामपूर, राहुरी, जालना या बाजूंनी नोकरीसाठी आलेली कुटुंबं, आणि नेरूळमध्ये पत्र्याच्या छपराचं एक चर्च. महिन्याच्या पहिल्या रविवारी आणि ईस्टरला प्रभुभोजन असतं. पाळक भाकर मोडतात, द्राक्षारसाचे छोटे पेले ट्रेमध्ये मांडलेले असतात आणि लोक एकेका रांगेनं उठून मेजापर्यंत जातात. ज्याचं कोणाशी बिनसलं असेल त्यानं आधी ते मिटवावं आणि मगच पुढे यावं, अशी शिकवण आहे. त्यामुळे रांग उठते तेव्हा जो बसून राहतो तो सगळ्यांना दिसतो. कोणी काही विचारत नाही. तो पाय आखडून शेजाऱ्याला वाट देतो आणि फरशीकडे पाहत राहतो.

माझा मोठा भाऊ, सुधीरदादा, ज्याच्या घरी मी राहते, बाबा गेल्यापासून असा बसून राहत होता.

बाबा आणि शांतवनकाका एकाच गावचे. न्हावा शेव्याचं बंदर नवीन असताना दोघं एकत्र आले, एकाच खोलीत राहिले, एकाच यार्डात कामाला लागले. मंडळी उभी करण्यात दोघांचेही हात होते. छपराचे पत्रे त्यांनी खांद्यावरून आणले. पुढे बाबांना दारू लागली. आधी रविवार चुकू लागले, मग वर्षंच्या वर्षं चुकली. कमिटीनं दोनदा समजावलं आणि त्यांचं सभासदत्व काढून घेतलं. ते वारले तेव्हा पाळक गावाला गेले होते. चर्चची किल्ली सेक्रेटरीकडे होती आणि सेक्रेटरी होते शांतवनकाका. शववाहिनी फाटकाशी उभी राहिली. काका बाहेर आले आणि म्हणाले, सभासद नसलेल्याला आत नेता येत नाही, विधी कबरस्थानात करू. दादानं दोनदा विनंती केली. काकांनी कुलूप काढलं नाही. कबरीपाशी प्रार्थना मात्र त्यांनीच केली आणि ती करताना ते रडले, असं पाहणारे सांगतात.

मी तेव्हा महापेला एका वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते. ऑफिसातून निघून थेट कबरस्थानात पोहोचले. फाटकासमोर थांबलेली गाडी मी पाहिली नाही. दादानं पाहिली. तो गाडीत बसला होता, बाबांच्या पायाशी. आमच्यात पुढे जो फरक पडला तो बहुधा तिथून. पुढच्या महिन्यात रांग उठली तेव्हा मी उठले, तो उठला नाही.

आमच्या लोकांत भेटल्यावर ‘सलाम’ म्हणायची रीत आहे. त्यानंतर दादानं काकांना सलाम केला नाही. दोघंही दर रविवारी येत. दादा डाव्या बाजूला बसे, काका उजव्या.

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्याकडे दुपारी तीन तासांची उपासना असते. प्रभूनं वधस्तंभावर काढलेल्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. हे सात जण पाळक नसतात. कोणी नर्स, कोणी रिक्षा चालवणारा, कोणी बँकेतली. पाळक उपवासकाळाच्या सुरुवातीलाच उद्गार वाटून देतात, म्हणजे तयारीला वेळ मिळतो. त्या वर्षी पाळक नवे आणि तरुण होते. एका रविवारी दाराशी त्यांनी दादाला थांबवलं.

“सुधीरदादा, यंदा पहिला उद्गार तुमच्याकडे.”

पहिला उद्गार क्षमेचा. आपल्याला खिळे ठोकणाऱ्यांना क्षमा व्हावी म्हणून केलेली ती विनंती: ‘हे बापा, त्यांना क्षमा कर, कारण ते काय करतात हे त्यांना समजत नाही.’

“पाचवा द्या ना,” दादा म्हणाला. “तहानेचा.”

“तहानेचं काय, न्हावा शेव्याच्या उन्हात तू रोजच बोलत असतोस,” माझी वहिनी मागून म्हणाली.

पाळक हसले नाहीत. “विचार करून सांगा. घाई नाही.”

दादानं विचार केला आणि दोन दिवसांनी हो कळवलं. त्यामागचं गणित पुढे लक्षात आलं. तो एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात आहे. बंदरात प्रत्येक जहाजाला कट-ऑफ असतो. त्या वेळेच्या आत कंटेनर गेटमधून गेला पाहिजे, कागद पुरे पाहिजेत, सील जागेवर पाहिजे. तो माणूस आयुष्यभर कट-ऑफ गाठत आला होता. उत्तम शुक्रवार हाही त्याला कट-ऑफ वाटला. तोवर मनातला राग काढायचा, मग उभं राहून बोलायचं. मधे सहा आठवडे होते. एवढ्यात अवघड कन्साइनमेंटसुद्धा सुटते.

त्यानं चहा सोडला. मटण-मासे सोडले. दुपारचा डबा सोडला. पहाटे उठून गॅलरीत खुर्ची टाकून तो डोळे मिटून बसे. समोर खाडी, खाली दुधाच्या क्रेट्सचा आवाज. अर्ध्या तासानं आत येई तेव्हा त्याचा चेहरा गॅलरीत जाण्याआधीपेक्षा कठीण झालेला असे. उपाशी माणसाला राग लवकर येतो, हे साधं आहे. तो पंख्याच्या आवाजावर चिडे, कुकरच्या शिट्टीवर चिडे. त्याची मुलगी रुथ दहावीला होती. एका संध्याकाळी पुस्तकावरून मान वर न करता ती म्हणाली, “पप्पा, तुम्ही चहा प्या. तुमच्या उपवासाचं आम्हाला टेन्शन येतंय.”

“गप्प बस आणि अभ्यास कर.”

“तेच करते आहे. गप्पच बसले होते.”

वहिनी आतून म्हणाली, “चहा सुटला, मासे सुटले. जे सुटायला पाहिजे ते काही सुटत नाही.”

दादा खोटं वागत नव्हता. रोज तो मनाला विचारत होता, झालं का? आणि रोज मन सांगत होतं, नाही. मग तो आणखी काहीतरी सोडत होता. आत्मिक वाढ म्हणजे वजन उचलण्यासारखं काही असावं, अशी त्याची समजूत होती: आज इतकं, उद्या थोडं जास्त. उपवासकाळाच्या मध्यावर त्याला कळलं की वजन वाढतंय ते रागाचं. ज्या माणसाचं तोंड पाहायचं नाही त्याच्याबद्दल तो पहाटेपासून विचार करत होता.

आणि मग शांतवनकाकांच्या घरची सभा आली.

जायचं की नाही, यावर घरात चर्चा झाली नाही. वहिनी पांढऱ्या काठाची साडी नेसली, दादानं शर्ट बदलला, आम्ही निघालो. दुसऱ्या मजल्यावर जिन्यात चपलांचा ढीग होता. आत सतरंज्या, भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्च्या, पेटी, ढोलकी, खिडकीत लव्हबर्ड्सचा पिंजरा. काकी दाराशी उभ्या होत्या. “ये रं सुधीर,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीसारखा ठेवायचा त्यांचा प्रयत्न दिसत होता. काका पेटीजवळ बसले होते. त्यांनी मान हलवली. दादा खुर्चीवर बसला, दाराच्या अगदी जवळ.

घरगुती सभेत गीतं होतात, बायबलमधलं वचन होतं, आणि शेवटी त्या घरासाठी प्रार्थना होते. ती करणारा घरातल्या प्रत्येकाचं नाव घेतो. कोणाची नोकरी, कोणाची शुगर, कोणाचं लग्न ठरत नाही, सगळं नावानिशी मागितलं जातं. नाव राहून गेलं तर घरचे लोक नंतर हसत हसत आठवण करून देतात, आणि ते हसणं खरं नसतं.

पाळकांनी खोलीभर नजर फिरवली. “सुधीरदादा, या घरासाठी प्रार्थना करा.”

सगळ्यांचे डोळे मिटले. माझे थोडे उशिरा मिटले. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवलेली दिसली.

बराच वेळ फक्त पंखा ऐकू येत होता. खालून भाजीवाल्याची गाडी ओरडत गेली. कोणीतरी खाकरलं. मग दादा बोलू लागला. या छपराबद्दल आभार मानले. काकींचं नाव घेतलं, त्यांच्या रक्तदाबासाठी मागितलं. पुण्याच्या मुलाचं नाव घेतलं, सुनेचं घेतलं, नातवाच्या दम्यासाठी मागितलं. नागपूरला दिलेल्या मुलीचं नाव घेतलं. पुन्हा पंख्याचा आवाज. सगळी खोली एका नावाची वाट पाहत होती. दादा म्हणाला, “आमेन.”

आमेन म्हणणारे आवाज विस्कळीत आले.

चहा आला, वडे आले, चिवडा आला. दादाचा उपवास होता. त्या घरातलं काही तोंडात न घालण्याची सोय उपवासानं त्याला करून दिली, हे त्याच्याही लक्षात आलं असावं, कारण तो ताटल्यांकडे पाहतच नव्हता. निघताना तो जिन्यात चपला शोधत होता तेव्हा काका बाहेर आले.

“सुधीर. तुज्या बापाला आत नेलं नाय, म्हणून हाय ना हे?”

दादा वाकलेलाच राहिला.

“नियम व्हता. तवा मोडला असता तर पुढं कोनाला काय सांगितलं असतं? मी आजबी तेच करीन.” काका थोडे थांबले. “तुला उगं आशा नको, म्हनून सांगतो.”

दादानं चपला घातल्या आणि तो खाली उतरला.

रिक्षात वहिनी म्हणाली, “सगळ्यांची नावं घेतलीस. पिंजऱ्यातल्या पाखरांची तेवढी राहिली.”

“ते माफी मागत नाहीत,” दादा म्हणाला. “ऐकलंस ना? मागतच नाहीत. मग मी काय माफ करू?”

पामबीच रोडचे दिवे रिक्षात येत-जात होते. समोरच्यानं हात पसरला तर त्यात काहीतरी ठेवता येतं. काकांचे हात पाठीमागे बांधलेले होते. आणि कट-ऑफ जवळ येत होता.

ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी पाळकांनी सात वक्त्यांची नावं वाचून दाखवली. दादानं फोन करून नकार कळवावा, असं मला वाटलं. त्यानं फोन केला नाही. त्या आठवड्यात एका दुपारी तो सुट्टी घेऊन घरी होता, मीही घरी होते. रिकाम्या जेवणाच्या टेबलाशी बसून तो म्हणाला, “तू उठतेस प्रभुभोजनाला. कसं जमतं?”

“मी फाटकाशी नव्हते,” मी म्हटलं. एवढंच खरं होतं. जे पाहिलं नाही ते सोडून देणं सोपं असतं, आणि त्याला क्षमा म्हणणं थोडं जास्तच होतं.

तो म्हणाला, “एक गोष्ट माझ्या कधी लक्षातच आली नाही. ज्यांनी खिळे मारले त्यांच्याशी प्रभू बोललाच नाही. मी तुम्हाला माफ केलं, असं त्यांना सांगितलं नाही. तो बापाशी बोलला. तू कर, म्हणाला.”

“मग?”

“मग मी सहा आठवडे स्वतः करायला बघतोय. जे माझ्याकडे नाहीच.”

त्या क्षणी वाटलं, त्याला वाट सापडली. बातमीदारीत असतं तसं इथंही आहे: अर्धी माहिती हाती आली की ती पुरी आहे असं वाटतं.

उत्तम शुक्रवारी पत्रे तापलेले होते. बायका पांढऱ्या साड्यांत, पुरुष पांढऱ्या शर्टांत, सगळ्यांच्या हातात गीतांच्या पुस्तकांचे पंखे. काका-काकी उजवीकडे दुसऱ्या बाकावर. पहिलं गीत झालं आणि दादा उभा राहिला. त्याच्या हातात कागद नव्हता. आवाज बरा होता. तो गॅलरीतल्या पहाटांबद्दल बोलला, उपवासाबद्दल बोलला, त्यानं काही झालं नाही हे बोलला. मग टेबलाशी जे म्हणाला होता ते म्हणाला. बाया माना डोलवत होत्या. पाळक खाली पाहून ऐकत होते.

“म्हणून मीही आज मागतो,” दादा म्हणाला. “बापा, शांतवनकाकांना क्षमा कर. त्यांनी माझ्या वडिलांना तुझ्या दारातून परत पाठवलं. मला त्यांना क्षमा करता आलेली नाही. तू कर.”

तो जागेवर येऊन बसला.

पंखे थांबले होते. काकींनी पदर तोंडावर घेतला. काका समोरच्या भिंतीकडे पाहत होते, मानेची शीर ताठ. दुसऱ्या उद्गारावर बोलायचं होतं त्या नर्सबाई उठायला विसरल्या. पाळकांनी त्यांचं नाव दोनदा घेतलं. पुढचे सहाही उद्गार झाले, ऊन पत्र्यावरून सरकत गेलं, आणि ते पूर्ण तीन तास काका त्याच बाकावर बसून राहिले. उपासना संपल्यावर लोक त्यांच्यापासून थोडं अंतर ठेवून बाहेर पडले. दादापासूनही.

घरी आल्यावर वहिनीनं पर्स टेबलावर टाकली. “हे काय केलंस?”

“मी खोटं बोललो नाही.”

“खोटं नाही बोललास. पण प्रार्थना वर करायची असते. तू दुसऱ्या बाकाकडे बघून केलीस.”

दादानं खुर्ची ओढली आणि तो बसला.

“प्रभूनं खिळे मारणाऱ्यांची बाजू मांडली,” वहिनी म्हणाली. “त्यांना कळत नाही, म्हणाला. तू चार्जशीट वाचलीस.”

शनिवारी नोंद करण्यासारखं काही घडलं नाही. ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. दादा गॅलरीत बसला नाही. दुपारी त्यानं चहा मागितला आणि वहिनीनं तो दिला; दोघांनीही त्यावर काही म्हटलं नाही. संध्याकाळी तो मला म्हणाला, “बाबांचं झालं तेव्हा त्यांनी फाटक बंद ठेवलं. काल मी ते सगळ्यांसमोर उघडून त्यांना बाहेर काढलं.”

या ऋतूबद्दल पुढे अनेकदा विचार केला आहे. आता दर वर्षी उपवासकाळात लोक काय सोडलं ते एकमेकांना विचारतात: साखर, मोबाइल, मालिका. विचारण्यात वाईट काही नाही. पण माणूस आतून वाढतो की नाही, हे त्याला स्वतःला त्या वेळी कळत नसावं. कळतं ते एवढंच की आपण समजत होतो तिथे आपण नाही. त्या वर्षी दादा क्षमा करायला निघाला होता. शनिवारपर्यंत तो अशा जागी आला होता की त्यालाच ती मागावी लागणार होती, आणि ज्याच्याकडे मागायची त्यानं आयुष्यात कधी नियम वाकवला नव्हता.

ईस्टरच्या पहाटेची उपासना अंधार असतानाच सुरू होते. लिलींचा वास, नवे कपडे, झोपाळू मुलं. उपदेश झाला, भाकर मोडली गेली. पुढच्या रांगा उठू लागल्या. दादा डाव्या बाजूला बसला होता. आमची रांग यायला अवकाश होता तेव्हाच तो उठला. मेजाकडे न जाता मधली वाट ओलांडून उजवीकडे गेला आणि दुसऱ्या बाकाशी उभा राहिला. काकी मेजाकडे गेल्या होत्या. काका एकटेच मागे बसून होते. त्यांचे पाय आखडलेले होते आणि नजर फरशीवर.

“सलाम, काका,” दादा म्हणाला. चर्चमध्ये इतकी शांतता होती की ते सगळ्यांना ऐकू गेलं.

काकांनी वर पाहिलं नाही.

“शुक्रवारी माझं चुकलं. तुमचं नाव मी तसं घ्यायला नको होतं. मला माफ करा.”

“तुज्या बापाचं काय?” काका म्हणाले. आवाज घोगरा होता.

“ते वेगळं. ते अजून माझ्याकडून सुटलेलं नाही. पण हे माझं आहे, म्हणून आलो.”

मेजापाशी पाळक ट्रे धरून थांबले होते. काकी परत येताना वाटेतच उभ्या राहिल्या. काका बाकावर थोडे आत सरकले, एक माणूस बसेल इतके. दादा बसला. दोघंही समोर पाहत होते, बस येण्याची वाट पाहणाऱ्या माणसांसारखे.

“मला उठवत न्हाई सुधीर,” थोड्या वेळानं काका म्हणाले. “परवापासून.”

“मलाही बरीच वर्षं उठवत नव्हतं.”

रांगा संपत आल्या. आमची रांग गेली, आली. मी परत येऊन बसले तेव्हाही ते दोघं तसेच होते. पाळकांनी ट्रे मेजावर ठेवला नाही. शेवटचा माणूस जागेवर बसला तरी ते त्या बाकाकडे पाहत तिथेच उभे राहिले. कोणी गीत सुरू केलं नाही. खिडक्यांतून उजाडू लागलं होतं.

काकांनी बाकाची कड धरली आणि उठायचा प्रयत्न केला. पहिल्यांदा जमलं नाही. दादानं मदत केली नाही. केली असती तर कदाचित त्यांनी ती झटकली असती. तो फक्त उठून वाटेत उभा राहिला. काका दुसऱ्यांदा उठले, टोपी बाकावर ठेवली आणि त्याच्या बाजूनं वाटेत आले. कोणी आधी जायचं यासाठी दोघंही क्षणभर अडले. मग काका म्हणाले, “चल,” आणि दादा चालू लागला.